पनामातल्या अकरा रात्री

नाटक कितीही रंगलेलं असो, दहा वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे जातं. डोंबिवलीला परत जायचंय, गाडी कुठली मिळेल, स्टेशनाबाहेर रिक्षा असेल का. रात्र म्हणजे घरी पोचायची वेळ, एवढंच मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माहीत होतं. जानेवारी २०२५ मध्ये मी आणि माझी धाकटी नणंद अशा दोघीच पनामाला गेलो, तेही मुख्यतः रात्रीचं गाणं-बजावणं ऐकायला. परत आल्यावर ओळखीच्या बायकांनी जे विचारलं, ते सगळं जाण्याआधी मलाही पडलेलं कोडंच होतं. व्हिसाचं काय? दोघीच रात्री फिरलात? आपण दारू पीत नाही, मग तिथे करायचं काय? त्यांच्यासाठी हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या ऑफिसातली एक पनामाची बाई दर जानेवारीत सुट्टी काढून घरी जाते, कारण तेव्हा पनामा सिटीत जॅझचा मोठा महोत्सव असतो. आठवडाभर कार्यक्रम आणि शेवटच्या शनिवारी उघड्या मैदानावर रात्री उशिरापर्यंत फुकट मैफल. "वहिनी, तुम्ही पेटी वाजवता, तुम्हाला आवडेल," असं नणंद फोनवर म्हणाली आणि ते माझ्या डोक्यात बसलं. आमच्या भजनी मंडळात मी बावीस वर्षं पेटी वाजवते. जॅझमधलं मला काही कळत नव्हतं. डिसेंबरात तिच्याकडे जायचंच होतं, त्याला पुढे हे जोडलं.

सुरुवात झाली सुईपासून. पनामा हा पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे. आजाराचा धोका खरं तर देशाच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, दारिएनकडे. पण भारतात परत येताना तुम्ही पनामात कुठे राहिलात हे कुणी बघत नाही, देशाचं नाव बघतात. पनामा सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. मी २१ नोव्हेंबरला मुंबईतल्या सरकारी केंद्रात घेतली. वेळ आधी ठरवावी लागते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ते लोकांना गटानेच बोलावतात. मूळ पासपोर्ट सोबत हवा. फी तीनशे रुपये. अंड्याची ॲलर्जी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, असं विचारलं. साठीच्या पुढे असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, त्या वयात ही लस जपून देतात. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. दोन दिवस अंग कणकणलं, बाकी काही नाही. हे कार्ड आता आयुष्यभर चालतं, नव्या नियमाप्रमाणे दहा वर्षांनी पुन्हा टोचायला लागत नाही.

व्हिसाचं काम माझ्यासाठी सोपं निघालं, पण ते नशिबाने. भारतीय पासपोर्टवर पनामाचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा पुन्हा पुन्हा प्रवेशाचा व्हिसा असेल आणि तो निदान एकदा वापरलेला असेल, तर त्याच्या आधारावर पर्यटक म्हणून तीस दिवसांपर्यंत राहता येतं. "वापरलेला" या शब्दाकडे नीट लक्ष द्या. नवाकोरा व्हिसा घेऊन थेट पनामाला निघालात तर विमानात चढतानाच अडवतील. माझ्या व्हिसाची अजून चार वर्षं बाकी होती आणि डिसेंबरात मी त्याच्यावर अमेरिकेत शिरलेही होते. तरीही निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचला. हे नियम बदलत असतात, कुणाच्या जुन्या अनुभवावर (माझ्यासुद्धा) तिकीट काढू नका.

८ जानेवारीला, बुधवारी, नेवार्कहून निघालो. जाऊन-येऊन माणशी ४३० डॉलर. काउंटरवरच्या मुलीने परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग मागितलं आणि माझ्या व्हिसावर पाच मिनिटं कुणाशी तरी फोनवर बोलली. ती पाच मिनिटं माझ्या पोटात गोळा आला होता. पनामाच्या तोकुमेन विमानतळावर रांगेत पन्नास मिनिटं गेली. फोटो, बोटांचे ठसे, किती दिवस, कुठे राहणार. खर्चाला निदान पाचशे डॉलर आहेत याचा पुरावा मागू शकतात, म्हणून मी रोख वेगळ्या पाकिटात ठेवले होते. मला दाखवायला लावले, नणंदेकडे अमेरिकेचा पासपोर्ट, तिला विचारलंही नाही. वाईट वाटलं खरं, पण शिक्का बसला आणि ते विसरले.

पैशांबद्दल इथेच सांगून टाकते. पनामाच्या चलनाचं नाव बाल्बोआ, पण बाल्बोआच्या नोटा नसतातच, फक्त नाणी असतात. नोटा अमेरिकन डॉलरच्या. पन्नास आणि शंभरच्या नोटा छोटी दुकानं घेत नाहीत, घेतल्या तर पासपोर्ट मागून वहीत नाव-नंबर लिहून घेतात. माझ्या पाचशेत चार नोटा शंभरच्या होत्या. त्या मोडायला दुसऱ्या दिवशी बँकेत चाळीस मिनिटं गेली. येतानाच वीस, दहा, पाचच्या नोटा आणा.

राहायला आम्ही एल कांग्रेहो भागात खोली घेतली होती, रात्रीला ७२ डॉलर आणि वर दहा टक्के कर. हा भाग निवडल्याचं समाधान शेवटपर्यंत राहिलं. मेट्रोचं स्टेशन चालत सात मिनिटांवर, रस्त्यावर रात्री साडेदहा-अकरापर्यंत जेवणारी माणसं, कुत्री फिरवणारी म्हातारी जोडपी. जुन्या शहरात, कास्कोत, राहायला गोड वाटतं, पण तिथल्या गच्च्यांवरचं संगीत शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत चालतं. झोप हवी असेल तर कास्कोत जावं आणि परत यावं.

पहिली रात्र आम्ही ९ जानेवारीची ठरवली होती. गुरुवार, म्हणजे तिथला शनिवार-रविवार सुरू झाल्यातच जमा, असं कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळी तयार होऊन खाली आलो, तर रिसेप्शनवरच्या मुलाने दोन्ही हात हलवले. आज काही नाही. आज 'लेय सेका' आहे. म्हणजे कोरडा कायदा, दारूबंदीचा दिवस. सकाळी सुपरमार्केटात बिअरच्या कपाटावर पट्टी लावलेली पाहिली होती, तिचा अर्थ आता कळला. झेंडेही अर्ध्यावर होते.

त्या मुलाने फोनवर भाषांतर करत करत आम्हाला सगळं सांगितलं. ९ जानेवारी १९६४ रोजी कालव्याच्या पट्ट्यात, जो तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता, इन्स्तितुतो नासिओनाल या शाळेची मुलं आपला झेंडा घेऊन बाल्बोआ हायस्कूलसमोर गेली. अमेरिकेच्या झेंड्याशेजारी पनामाचाही फडकावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. धक्काबुक्कीत झेंडा फाटला आणि शहर पेटलं. वीसहून अधिक पनामावासी गेले, त्यांत वीस वर्षांचा विद्यार्थी आस्कानियो आरोसेमेना. पनामाने अमेरिकेशी संबंध तोडले. पुढे १९७७ मध्ये पनामाचे नेते तोरिहोस आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्यात करार झाला आणि १९९९च्या शेवटच्या दिवशी कालवा पनामाकडे आला. आणि योग असा, की आम्ही तिथे होतो त्याच ९ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये जिमी कार्टर यांचा अंत्यविधी होता. सकाळपासून टीव्हीवर ते चाललं होतं, मी नुसतं बघत होते, त्या दोन गोष्टींचा धागा संध्याकाळी जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम बाल्बोआ भागात गेलो. ती शाळेची जागा आता कालवा प्राधिकरणाकडे आहे आणि तिला आरोसेमेनाचंच नाव आहे. तिथे ज्योत आहे, खांबांवर गेलेल्यांची नावं आहेत. मला आपला हुतात्मा चौक आठवला. फोर्टातून इतक्या वेळा जाते, थांबून किती वेळा बघितलं? जानेवारीत जाणार असाल तर ९ तारीख ध्यानात ठेवा. गुड फ्रायडेलाही अशीच बंदी असते, आणि निवडणुकीलाही. त्या दिवसांचं बुकिंग करू नका. पण शहरात असाल तर ज्योत बघून या.

शुक्रवारी, १० तारखेला, खरी पहिली रात्र. पाचच्या सुमारास कास्कोत गेलो. १६७१ मध्ये हेन्री मॉर्गनच्या समुद्री टोळीने जुनं पनामा लुटलं, ते जळून गेलं, त्यानंतर १६७३ मध्ये हे नवं शहर वसवलं गेलं. १९९७पासून ते जागतिक वारशात आहे. दगडी फरसबंदी, लाकडी सज्जे, फुलांच्या वेली आणि मधूनच छप्पर उडालेली, आतून झाड उगवलेली वाडेवजा घरं. इथे उंच टाचांच्या चपला घालू नका, दगडांत टाच अडकते. नणंदेचा पाय तिसऱ्या मिनिटाला मुरगळता मुरगळता वाचला.

इथल्या रात्रीला उशीर करून जाण्यात अर्थ नाही. सूर्य वर्षभर साधारण सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि मला सगळ्यात आवडलेली वेळ तीच. प्लाझा दे फ्रान्सियाच्या मागे तटबंदीवर चढलं की एका बाजूला कालव्यात शिरायला थांबलेल्या जहाजांचे दिवे आणि दुसऱ्या बाजूला नव्या शहराच्या काचेच्या इमारती. जानेवारीत पाऊस नसतो, समुद्रावरून सुखाचा वारा असतो. आम्ही तिथे तासभर बसलो. मग प्लाझा बोलिवारमध्ये टेबलं मांडली होती, तिथे.

न पिणाऱ्यांसाठी एक शब्द: चिचा. दक्षिण अमेरिकेत काही देशांत चिचा म्हणजे आंबवलेलं पेय, पण पनामात चिचा म्हणजे साधं फळांचं सरबत. मी अकरा दिवसांत पॅशन फ्रूटचं, चिंचेचं, अननसाचं, सगळं प्यायले. सारिल म्हणून एक लाल पेय मिळतं, आल्याची चव असलेलं; एका गाडीवरच्या बाईने फुलं दाखवली तेव्हा कळलं की ही तर आपली लाल अंबाडी. कुणीही "दारू का नाही?" असं विचारलं नाही. नणंदेने बाल्बोआ नावाची बिअर घेतली, साडेतीन डॉलर. कोपऱ्यावरच्या दुकानात तीच डॉलरभरात मिळते. बिलावर दारूला दहा टक्के कर लागतो, जेवणाला सात, आणि 'प्रोपिना' म्हणजे टीप दहा टक्के, ती ऐच्छिक असते. काही ठिकाणी ती आधीच बिलात धरलेली असते, तेव्हा वाचून मग पैसे ठेवा.

नंतर एका गच्चीवर गेलो. दारात पासपोर्ट बघितला, माणशी पंधरा डॉलर, त्यात एक पेय. पुरुषांना चपला आणि अर्ध्या विजारीत सोडत नव्हते. आवाज इतका की नणंद माझ्या कानाशी ओरडत होती आणि मला तिचे फक्त ओठ दिसत होते. वीस मिनिटांत उतरलो. तरुणांना आवडत असेल, तेवढ्यासाठी मी त्याला नावं ठेवणार नाही. कानात घालायचे बोळे मात्र पर्समध्ये ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

सुरक्षिततेबद्दल सरळ सांगते. कास्कोत रात्री पोलीस भरपूर दिसतात, गल्ल्या उजेडाच्या आहेत, बाया-मुलं फिरत असतात. पण कास्को जिथे संपतो तिथे लगेच एल चोरियोची वस्ती सुरू होते. १९८९च्या अमेरिकी आक्रमणात ती वस्ती जळाली, तिथल्या लोकांनी फार सोसलं, आजही गरिबी आहे. अनोळखी माणसाने रात्री तिकडे चालत जाऊ नये, असं आम्हाला तिथल्याच तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. आम्ही नियम केला: कास्कोत चालायचं, कास्कोबाहेर जाताना गाडी चौकात बोलवायची. ॲपवरची गाडी हॉटेलपर्यंत चार ते पाच डॉलर. मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवू की सोबत, याचा घोळ आमचाही झाला. कायद्याने परदेशी माणसाकडे ओळख असायला हवी, म्हणून मी आतल्या शिवलेल्या खिशात मूळ पासपोर्ट ठेवत असे आणि फोटोचं पान आणि शिक्क्याच्या पानाची प्रत पर्समध्ये.

रविवारी रात्री आमची फसगत झाली. सिन्ता कोस्तेरा या समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरलो, मासळी बाजाराजवळ लोक कपात लिंबू पिळलेला कच्चा मासा खात होते, मी बर्फाचा गोळा खाल्ला, त्याला ते रास्पाओ म्हणतात. परतताना फोनची बॅटरी संपली म्हणून रस्त्यावरची पिवळी टॅक्सी केली. या टॅक्सींना मीटर नसतो. "सिंको," म्हणजे पाच, असं ठरलं. उतरताना तो म्हणाला, माणशी पाच. वाद घालायची भाषा नव्हती, दहा दिले. तेव्हापासून "सिंको, एन तोताल?" असं विचारून, बोटं दाखवून मगच बसायला लागलो. आणि चार्जिंगची बॅटरी सोबत. मेट्रो सगळ्यात स्वस्त, पस्तीस सेंट. दोन डॉलरचं एकच कार्ड दोघींना चाललं. २०१४ मध्ये सुरू झालेली ही मध्य अमेरिकेतली पहिली मेट्रो, आणि तिची स्वच्छता बघून मला हेवा वाटला. पण ती रात्री लवकर बंद होते, अकराच्या पुढे तिच्यावर विसंबू नका. आमच्या शेवटच्या लोकलची सवय इथे कामाला आली.

सोमवारपासून महोत्सव. २००३ मध्ये पियानोवादक दानिलो पेरेस यांनी तो सुरू केला. त्यांची संस्था कास्कोत गरीब घरांतल्या मुलांना संगीत शिकवते. दिवसा वर्ग असतात, रात्री मैफली. एका तिकिटाच्या मैफलीला गेलो, माणशी पंचवीस डॉलर. सभागृहात एसी इतका कडक की मी ओढणी डोक्यावरून घेतली. शाल न्या. जॅझ मला सगळं कळलं नाही, पण पियानोवाला आणि ढोलवाला एकमेकांकडे बघून जे करत होते ते मला ओळखीचं होतं. भजनात गजर चढायला लागला की पखवाजवाला माझ्याकडे तसाच बघतो.

आता ज्या रात्रीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती शुक्रवार, १७ जानेवारीची. हॉटेलात सकाळी नाश्त्याला असणारी बाई पन्नाशीची, लोस सान्तोस प्रांतातली. तिने केलेला नारळाच्या दुधातला भात मी दोनदा मागून घेतला होता, त्यात ग्वांदू म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे असतात. मी फोनवर तिला माझ्या पेटीचा व्हिडिओ दाखवला. तिने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, "रेइना (म्हणजे राणी), तुला अकॉर्डियन ऐकायला हवं. कास्कोत नाही. हार्दीनमध्ये." हार्दीन म्हणजे बाग. पण पनामात नाचाच्या उघड्या मांडवालाही हार्दीनच म्हणतात. ती आणि तिचा नवरा त्या रात्री जाणार होते. आम्ही दोघी तासभर विचार करत होतो. अनोळखी माणसांबरोबर, शहराबाहेर, रात्री. शेवटी रिसेप्शनवर जागेचं नाव लिहून ठेवलं, नणंदेच्या मुलाला फोनवरून आमचं ठिकाण दिसत राहील असं केलं, आणि गेलो. अशी काळजी घेतली याची मला लाज वाटत नाही. तिनेही स्वतःहून नवऱ्याच्या गाडीचा नंबर रिसेप्शनवर दिला होता.

साडेनऊला पोचलो. दारात सहा डॉलर, कागदी तिकीट. पत्र्याचं उंच छप्पर, बाजू उघड्या, सिमेंटची मोठी गुळगुळीत जमीन, कडेने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टेबलं. बर्फाच्या बादलीत बिअरच्या बाटल्या. आणि माणसं! सत्तरीचे आजोबा इस्त्रीच्या शर्टात, हातात बारीक काड्यांची विणलेली टोपी. नातीला घेऊन आलेली आजी. विशीतली जोडपी. डोंबिवलीच्या लग्नाच्या हॉलात जेवढ्या वयाची माणसं दिसतात तेवढ्या सगळ्या वयाची. दहा वाजले, आणि मी घड्याळाकडे बघितलं नाही हे मला साडेअकराला लक्षात आलं.

या संगीताला तीपिको म्हणतात, नाचाच्या अंगाने पिंदीन. पुढे अकॉर्डियन, मागे ढोल, कोंगा, टिंबाल, आणि चुरुका नावाचं खरवडून वाजवायचं वाद्य. अकॉर्डियन युरोपातून आलं आणि इथल्या गावांतल्या व्हायोलिनची जागा त्याने घेतली, तशीच आपली पेटीही तिकडूनच आलेली. दोन्हींत भात्याची हवा आणि धातूच्या जिभा. पण हे बटणांचं अकॉर्डियन भाता ओढताना एक सूर देतं आणि तेच बटण दाबून भाता मिटताना दुसरा. माझ्या पेटीत डावा हात फक्त हवा भरतो. इथे हवाच अर्धी गत वाजवत होती. मी वादकाच्या समोर सहा फुटांवर उभी राहून त्याचे हात बघत राहिले. मध्यंतरात आमच्या बाईने त्याला माझ्याबद्दल सांगितलं. त्याने ते वाद्य माझ्या गळ्यात अडकवलं. मी 'सा' शोधला, भाता मिटला तर भलताच सूर आला, तो हसला, मीही हसले, आणि आठ-दहा सुरांपुढे मला जमलं नाही. पण ते वजन अजून खांद्यावर जाणवतं.

गाणं रंगलं की एखादा पुरुष गळ्यातून उंच, वळणदार हाक काढतो, लांबून दुसरा उत्तर देतो. त्याला सालोमा म्हणतात. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर घालायची ही हाक. माझे आजोबा वाईजवळच्या शेतातून घालत ती हाळी मला आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. नणंदेला कळलं, ती काही बोलली नाही, फक्त माझा हात धरला.

नाचाची रीत सांगते, म्हणजे गोंधळणार नाही. पुरुष समोर येऊन हात पुढे करतो. नको असेल तर "नो, ग्रासियास" एवढं पुरे, कुणी गळ घालत नाही. नाचायचं असेल तर पावलं लहान, घसटत, सगळी जोडपी मैदानावर एकाच दिशेने फिरतात. मला आमच्या बाईच्या नवऱ्याने शिकवलं, तिच्यासमोर, तिच्या सांगण्यावरून. पहिल्या दोन गाण्यांत मी त्याचा पाय तुडवला. तिसऱ्यात ढोलाकडे लक्ष दिलं आणि पावलं आपोआप पडायला लागली. नणंदेने सेको चाखली, ती उसाची दारू, दुधात घालूनही पितात, त्याला 'सेको कोन वाका', म्हणजे गायीबरोबरची सेको, असं नाव आहे. दोन घोटांनंतर तिने ग्लास मला धरायला दिला. ग्लास ठेवून नाचायला जायचं नाही, एकीने धरायचा, हा नियम आम्ही सगळीकडे पाळला.

निघालो तेव्हा अडीच वाजले होते आणि लोक अजून येत होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारपर्यंत झोपून संध्याकाळी क्लेटनला गेलो. एके काळचा अमेरिकी लष्करी तळ, आता तिथे 'सिउदाद देल साबेर', ज्ञाननगरी आहे. मोठं हिरवं मैदान, लोक घड्या घालायच्या खुर्च्या आणि चटया घेऊन आलेले, तिकीट नाही. आमच्याकडे चटई नव्हती, शेजारच्या कुटुंबाने त्यांच्या चटईचा कोपरा दिला आणि तळलेल्या कच्च्या केळ्याचे पाताकोनेस पुढे केले. चटई, पाणी आणि डासांचं मलम न्या. परतताना गाड्यांचे दर दुपटीच्या वर गेले होते, पंचवीस मिनिटं थांबल्यावर एक मिळाली, चौदा डॉलर. शेवटच्या गाण्याच्या अर्धा तास आधी निघालात तर हे टळेल. आम्ही मात्र शेवटपर्यंत बसलो.

खर्च दोघींचा मिळून: विमान ८६०, हॉटेल करासह ८७१, खाणं-पिणं ४२० च्या आसपास, गाड्या आणि मेट्रो १३५, सगळ्या प्रवेश तिकिटांचे ९२. म्हणजे माणशी साधारण बाराशे डॉलर, एक लाख रुपयांच्या थोडं वर. मुंबई-नेवार्कचं तिकीट आणि तीन हजार रुपयांचा प्रवास विमा वेगळा. यातले सगळ्यात कमी पैसे हार्दीनला लागले.

१९ तारखेला पनामा सोडलं, २२ला मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरले. सहा दिवस झाले नव्हते, म्हणून आरोग्य तपासणीच्या टेबलाशी स्वतःहून गेले. तिथल्या साहेबांनी पिवळं कार्ड उलटसुलट बघितलं, लशीची तारीख मोजली, वहीत नंबर उतरवला.

"पनामाला कशासाठी?"

"गाणं ऐकायला."

त्यांनी एकदा वर बघितलं आणि कार्ड परत दिलं. त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात हार्दीनचं तिकीट घडी घालून ठेवलेलं होतं, ते खाली पडलं. त्यांनीच उचलून दिलं.